दोन ते चार

२ जून, सोमवार

ही डायरी फवारणीचं औषध विकणाऱ्या कंपनीने फुकट दिली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी एका किडीचं चित्र. आजच्या पानावर मावा आहे. इतकी वर्षं अशा डायऱ्या माझा नवरा आल्दो घरी आणायचा आणि त्यात एक अक्षर लिहायचा नाही. तो जाऊनही आता सहा वर्षं झाली. यंदा मीच लिहायचं ठरवलं, कारण एझिओने नवा करार आणलाय आणि मला तो आतापासूनच आवडलेला नाही.

एझिओ माझा धाकटा भाऊ. संत्र्यांची बाग त्याची, फळ निवडून पेट्यांत भरायची शेड त्याची आणि दिवसभराचा आरडाओरडाही त्याचाच. शेडच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं बसते. कुठला ट्रक कधी यायचा, कधी भरायचा, कधी सोडायचा, हे वेळापत्रक माझं. घर शेडच्या मागेच, चाळीस पावलांवर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं आवार दिसतं, त्यामुळे कुणी काम चुकवत असेल तर मला भाजी चिरता चिरताही कळतं.

करार असा आहे. एका मोठ्या सुपरमार्केट कंपनीच्या मेलबर्नच्या गोदामात आठवड्याला दोन ट्रक पाठवायचे. गोदाम प्रत्येक ट्रकला अर्ध्या तासाचा स्लॉट देतं. आपला रात्री दहाचा. चुकला की माल परत.

"परत म्हणजे?" मी विचारलं.

"परत म्हणजे परत, नेव्हिया. साडेचारशे किलोमीटर उलटे."

मी म्हटलं, माझ्या लग्नाला पाद्री पाऊण तास उशिरा आला होता, त्याला काही कुणी परत पाठवलं नव्हतं. एझिओ हसला नाही. करार केल्यापासून त्याचं हसणं कमी झालंय.

५ जून, गुरुवार

एझिओची मुलगी मिरेला शहरातून कसलातरी कोर्स करून आली आहे. सत्तावीस वर्षांची पोर, पण बोलते मॅजिस्ट्रेटसारखी. आज तिने सगळ्यांना पॅकिंगच्या पट्ट्यापाशी उभं करून कायदा शिकवला. अवजड गाडी रस्त्यावर सुखरूप चालावी ही जबाबदारी एकट्या ड्रायव्हरची नाही म्हणे. माल पाठवणारा, पेट्या भरणारा, गाडीत चढवणारा, वेळापत्रक करणारा, तिकडे उतरवून घेणारा, सगळे एका साखळीत. दमलेल्या माणसाला गाडी हाकावी लागेल अशी वेळ ज्याने ज्याने आणली, त्या प्रत्येकाला कायदा जाब विचारणार.

"म्हणजे सहा जणांत वाटून घ्यायची," एझिओ म्हणाला. "माझ्याकडे सहावा हिस्सा."

"नाही बाबा. ही वाटली म्हणून कमी होत नाही. ज्याच्या हातात जेवढं आहे, तेवढ्याची त्याच्यावर पुरी."

"आणि वेळापत्रक करणारा म्हणजे मी का गं?" मी विचारलं.

"हो झिया, तूच." आत्याला आम्हा इटालियन लोकांत झिया म्हणतात. ती हे इतक्या थंडपणे म्हणाली की मला तिच्या बारशाला दिलेला चांदीचा चमचा परत मागावासा वाटला.

"मी उभ्या जन्मात ट्रकचं स्टिअरिंग धरलेलं नाही."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने बेव्हन. बेव्हन टलक हा आमचा मेलबर्नचा ड्रायव्हर. ट्रक त्याचा स्वतःचा. वय बासष्ट, बायको कधीची दुसऱ्या राज्यात निघून गेलेली, आणि उंची इतकी की आमच्या दारातून वाकून आत यावं लागतं. तो म्हणाला, "चाळीस वर्षं पोलीस मलाच थांबवतायत. आता जरा नेव्हियालाही थांबवू देत."

"आधी मला गाठू देत," मी म्हटलं.

मिरेलाने कायद्याचा तक्ता भिंतीला चिकटवला. तिरका लागलाय.

११ जून, बुधवार

हिवाळ्यातलं पहिलं दाट धुकं. ओलं संत्रं तोडलं की सालीतलं तेल फुटतं आणि दोन दिवसांत डाग पडतात. त्यामुळे फळ सुकेपर्यंत तोडणीवाले शेकोटीभोवती उभे होते आणि शेडमध्ये सगळे हातावर हात ठेवून. ट्रकमधली शेवटची चार पॅलेट, म्हणजे पेट्या रचलेले लाकडी पाट, ताज्या फळाची असावी लागतात, ती भरेपर्यंत बारा वाजले. बेव्हन मात्र वेळापत्रकाप्रमाणे सकाळी सहाला हजर होता.

आलेल्या माणसाला सहा तास आवारात ताटकळत ठेवणं आपल्या घराला शोभत नाही. मी खिडकीतून हाक मारली. आधी कॉफी झाली, मग अंडी आणि सलामी. मग त्याने न सांगता गळका नळ दुरुस्त केला. मग मी उकडलेल्या बटाट्याचे छोटे गोळे, न्योकी, करायला घेतली, तर म्हणाला, मीही वळतो. त्या पंजांनी! एकेक न्योकी उंदराएवढी.

"ही खायची आहे की चाकाखाली लावायची?" मी विचारलं.

"आधी खाऊन बघू. घशाखाली नाही गेली तर चाकाखाली."

निघताना त्याने कामाची वही काढली. ड्रायव्हर लोकांना ही सरकारी वही भरावी लागते: इतके तास गाडी, इतके तास दुसरं काम, इतके तास विश्रांती. "सहा ते बारा काय लिहू?" त्याने विचारलं.

"विश्रांती. बसूनच तर होतास."

त्याने रेघ ओढली. मी संध्याकाळी भांडी घासली आणि ती स्वच्छ झाल्यावर पुन्हा एकदा घासली. नळ छान चालतोय.

१९ जून, गुरुवार

बेव्हनचा ट्रक दुरुस्तीला. दुसराच कुणीतरी ड्रायव्हर आला. आजही धुकं. मी कॉफी विचारणार होते, पण या गृहस्थाने आल्या आल्या केबिनचे पडदे ओढले आणि साडेअकरापर्यंत घोरत पडला. माल चढल्यावर मिरेलाने दार ठोकून उठवलं, मी कागद हातात दिले आणि दहा मिनिटांत स्वारी रवाना. दोन शब्द बोलला नाही. असल्या माणसांशी आपल्याला कर्तव्य नाही.

आज घरात फार शांत वाटलं. रेडिओ लावला आणि बंद केला.

२७ जून, शुक्रवार

मिरेलाशी वाजलं. ती पुढच्या महिन्याचं वेळापत्रक घेऊन आली. "झिया, धुक्याच्या दिवशी माल बाराच्या आत कधीच तयार होत नाही. मग बेव्हनला सहाला का बोलावतेस?"

"सहाला आला की रांगेत पहिला नंबर लागतो."

"आपल्याकडे एकच ट्रक येतो. कसली रांग?"

मी म्हटलं, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी वेळापत्रकं करतेय. धुकं कधी उठेल ते हवामानवाल्यांनाही कळत नाही. माणूस हाताशी असलेला बरा. ती म्हणाली, सहाला इथे पोचायला तो साडेतीनला उठतो. मी म्हटलं, म्हातारी माणसं तशीही लवकर उठतात, मीही उठते.

खरंच उठते. गुरुवारी तर चारलाच जाग येते हल्ली.

३ जुलै, गुरुवार

बेव्हन आज टेबलापाशी बसल्या बसल्या झोपला. मी मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत आल्दोच्या भावाच्या शेळीची गोष्ट सांगत होते, मागे वळून बघते तर स्वारीची हनुवटी छातीवर. गोष्टीतली गंमत पुढेच होती. शिवाय पोलेंटा गार झाला की दगड होतो. मी झाकण जरा जोरात ठेवलं.

"मी झोपलो नव्हतो," तो म्हणाला. "डोळे मिटून ऐकत होतो."

"मग शेळीचं काय झालं सांग."

"मेली?"

शेळी मेली नव्हती, लग्नाचा केक खाऊन पसार झाली होती. मग नीट जागा राहून ऐकलं त्याने. त्याचं हसणं सुरू व्हायला वेळ लागतो, पण एकदा सुरू झालं की खुर्ची हलते.

१० जुलै, गुरुवार

दिवसभर पाय दुखतायत, थोडक्यात लिहिते. धुकं साडेदहापर्यंत. पॅकिंगच्या दोन मुली तापाने आल्या नाहीत. बेव्हन सहाला आला होता, त्याला म्हटलं, बसलाच आहेस तर जरा हात लाव. आठ ते अकरा त्याने लेबलं चिकटवली, पॅलेटना प्लॅस्टिक गुंडाळलं. मग जेवायला बसवलं. मिनेस्त्रोने सूप, भाजलेलं कोकरू, आल्दोच्या वेळच्या द्राक्षांची गोड लोणची. नको नको म्हणत दोनदा घेतलं.

दोनला माल चढला. बेव्हन बाहेर जाऊन पट्टे आवळून आला. मग पुन्हा बसला. त्याने आपल्या आईचं सांगितलं, जे मी आजवर कुणाकडूनच ऐकलं नव्हतं. ती ट्रक चालवायची, लढाईच्या वर्षांत, बुटांत वर्तमानपत्र कोंबून. चारला निघाला. कागदांना वेळ लागला.

११ जुलै, शुक्रवार

बेव्हनचा ट्रक काल संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास टोकमवाल गावाच्या पुढे उलटला. रस्ता वळला आणि तो सरळ गेला. कुंपण तोडून कालव्याच्या काठावर. समोरून एक गाडी येत होती, बाई आणि दोन मुलं. तिने गाडी खाली घातली, तिघांना काही झालं नाही. मध्ये चार-पाच मीटरही अंतर नव्हतं म्हणतात.

बेव्हनचं कमरेचं हाड मोडलंय आणि गळ्यापाशीचं. शेपर्टनच्या हॉस्पिटलमध्ये आहे. वाचेल.

आज काही शिजवलं नाही.

१४ जुलै, सोमवार

एझिओ हॉस्पिटलमध्ये जाऊन आला. मी गेले नाही. मी कोण जाणारी? एझिओ म्हणाला, बेव्हनने अधिकाऱ्यांना सांगितलंय की गुरुवारी सहा ते चार तो आवारात ट्रकच्या केबिनमध्ये झोपला होता. वहीतही तसंच आहे, दहा तास विश्रांती. "म्हणजे आपण मोकळे," एझिओ म्हणाला. "विश्रांती घेतलेल्या माणसाला डुलकी लागली तर आपण काय करणार?" हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

केबिनमध्ये झोपला होता? माझं कोकरू कुणी खाल्लं मग?

१८ जुलै, शुक्रवार

अवजड वाहनांच्या खात्यातून तपासाला बाई आल्या. रोवेना नाव, चाळिशीच्या, फार मऊ बोलतात. मी "तुम्ही" म्हटलं तर म्हणाल्या, नुसतं रोवेना म्हणा. मी म्हटलं, ओळख झाली की म्हणेन. वेळापत्रकं, पावत्या, फाटकावरच्या कॅमेऱ्याच्या नोंदी, सगळ्याच्या नकला मागितल्या. मला एवढंच विचारलं, "ड्रायव्हर दिवसभर कुठे होता तुम्ही पाहिलंत?"

एझिओ चटकन म्हणाला, "तिचं लक्ष कामात असतं."

आणि मी गप्प बसले. जन्मात पहिल्यांदा भावाने माझ्याऐवजी उत्तर दिलं आणि मी देऊ दिलं.

रोवेनाबाई निघताना म्हणाल्या की वही खोटी ठरली तर बेव्हनवर खटला होईल, लायसन्स जाईल. खरी ठरली तरी डुलकी लागूनही गाडी चालवत राहिल्याचा दोष त्याचाच. कसंही झालं तरी सध्या कागदावर तो एकटाच आहे.

१९ जुलै, शनिवार

रात्रभर विचार केला आणि मला राग आलाय. माझ्या स्वयंपाकघरात बसला होता हे सांगायची त्याला लाज वाटते. साठी उलटलेली विधवा, तिच्याकडे जेवतो, लोक हसतील, असंच ना? बरं. मलाही काही पडलेली नाही. आल्दो कधी कुणाला सांगताना लाजला नाही की मी त्याची बायको आहे, आणि माझ्या हातचं जेवण तर तो गावभर मिरवायचा.

नळ पुन्हा गळायला लागलाय. गळू दे.

२४ जुलै, गुरुवार

मिरेला संध्याकाळी घरी आली. हातात दोन कागद. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक वजनाची पावती, त्यावर वेळ छापलेली: दोन वाजून चार मिनिटं. दुसरा फाटकाच्या कॅमेऱ्याचा कागद: चार वाजून दोन मिनिटं.

"मधले दोन तास कुठे गेले, झिया?"

"कागद व्हायचे होते."

"कागद एक पन्नासला छापलेत. त्यांच्यावरही वेळ असते."

मी म्हटलं, प्रिंटर अडतो कधी कधी. ती म्हणाली, हो, अडतो. मग कॉफी न घेताच गेली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. या मुलीला मी अंगाखांद्यावर खेळवलं, आणि आज तिची नजर मला चुकवावीशी वाटली.

२५ जुलै, शुक्रवार

लिहून टाकते. ही डायरी कुणी वाचणार नाही, आणि वाचली तर वाचू दे.

कागद माझ्या खणात होते. एक पन्नासला छापले, घडी घातली आणि खणात ठेवले. बेव्हन पट्टे आवळून आत आला तेव्हा मी म्हटलं, बस, कागद व्हायचेत. तो बसला. मग त्याने आईची गोष्ट सुरू केली. पावणेतीनला खिडकीतून ट्रक दिसत होता, बांधून तयार, आणि मला वाटलं, अजून थोडा वेळ. सव्वातीनलाही तेच वाटलं. पावणेचारला वाटलं, आता स्लॉट चुकेल, आणि मग उठून खण उघडला.

दोनला सुटला असता तर वाटेत दोन तास हाताशी होते. जेरिल्डेरीला किंवा कुठेही गाडी लावून झोपला असता. मीच सहाला बोलावलं, मीच कामाला जुंपलं, मीच कोकरू खाऊ घातलं आणि मग झोपेचे उरलेले दोन तासही मीच घेतले. बदली ड्रायव्हरला मी माणूसघाणा म्हणत होते. तो साडेअकरापर्यंत झोपला आणि मेलबर्नला धडधाकट पोचला.

आणि मी स्वतःला पाहुणचार करणारी बाई समजत होते. मला त्याचा सहवास हवा होता. सहा वर्षांत इतकं काही हवंसं वाटलं नव्हतं. हे आधी कळलं असतं तर सरळ रविवारी जेवायला बोलावलं असतं. रविवारी तो कुठेच जात नाही.

२९ जुलै, मंगळवार

मिरेलाने शेपर्टनला नेलं. ती खाली बागेत थांबली.

बेव्हन पलंगावरसुद्धा मावत नाही, पाय बाहेर. दाढी वाढलेली. मला बघून उठायला गेला आणि कळवळला. मी ठरवून गेले होते की शांतपणे बोलायचं, पण तोंडातून पहिलं निघालं ते हेच: "माझ्या स्वयंपाकघराची लाज वाटते का रे तुला?"

"काय?"

"केबिनमध्ये झोपला होतास म्हणे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, मग काय सांगू? नेव्हियाने मला तीन तास पॅलेट गुंडाळायला लावली? वेळापत्रकाखाली सही कुणाची आहे? माझी वही तशीही खोटी ठरणार. एक जण बुडाला तेवढा पुरे. तुला कशाला ओढू?"

दहा दिवस मी या माणसावर रागावले होते.

"लायसन्स गेलं तर?" मी विचारलं.

"गेलं तर गेलं." पण त्याची बोटं चादरीचा काठ गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. विसाव्या वर्षापासून तो माणूस ट्रकमध्ये राहतोय. भाड्याच्या घरात त्याची एक खुर्ची आणि टीव्ही आहे, एवढंच.

मग त्याने त्या मुलांचं विचारलं. "त्यांच्या गाडीचे दिवे दिसले तेव्हा मी जागा झालो, नेव्हिया. टोकमवालचा पूल मला आठवत नाही. मी तो ओलांडला कसा?" तो रडत होता आणि ते त्याला कळत नव्हतं बहुतेक. मी त्याचे डोळे पुसले. दोन वाजताचं सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "सूप आणलंय, घे."

परतीच्या वाटेवर मिरेलाला म्हटलं, रोवेनाबाईंना फोन कर, मला जबाब द्यायचाय.

५ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी एझिओने सगळी शेड डोक्यावर घेतली. "ड्रायव्हर स्वतःच सांगतोय ना मी झोपलो होतो? मग आपण कोण खोडून काढणारे? करार जाईल! बाबांनी लावलेली झाडं आहेत ही!"

"झाडं कुठे जात नाहीत," मी म्हटलं. "ओरडू नकोस, रक्तदाब वाढेल."

"आणि तुझ्यावर खटला झाला तर?"

"तर होईल. बेव्हनवर होतोच आहे."

तो पाय आपटत गेला. पण दहा वाजता रोवेनाबाई आल्या तेव्हा टोपी हातात घेऊन मुकाट्याने येऊन माझ्या शेजारी बसला. बाईंनी मला सांगितलं की मी वकील आणू शकते, गप्पही राहू शकते. मी म्हटलं, गप्प राहून झालंय माझं.

सगळं सांगितलं. सहाला का बोलावते, लेबलं, पॅलेट, कोकरू, वहीत विश्रांती लिही असं आधीपासून मीच कसं सांगत आले. त्या टाइप करत होत्या. मग थांबून म्हणाल्या, "चारला निघाला, तो माल भरायला उशीर झाल्यामुळे? धुकं, दोन मुली गैरहजर, असं?"

सुटकेचं दार असं सताड उघडं होतं. एझिओने श्वास रोखलेला मला ऐकू आला.

"तसं लिहिलं तर चालेल का?" मी विचारलं.

"खरं असेल तर."

"मग नाही. माल दोनला तयार होता. कागद माझ्या खणात होते."

"का?"

मिरेला खिडकीबाहेर बघायला लागली. खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"तो थोडा वेळ बसावा म्हणून."

बाईंचे हात थांबले. "हे असंच लिहू?"

"असंच लिहा," मी म्हटलं. "'थोडा' काढून टाका."

पानं निघाली, प्रत्येकावर सही केली. बाई गेल्यावर एझिओ बराच वेळ टोपीची कड चाचपत बसला. मग म्हणाला, "सहाच्या वेळापत्रकावर शेवटची मंजुरी माझी असते. तेही सांगायला हवं होतं."

"फाटकापर्यंतच गेल्या असतील," मी म्हटलं. तो उठून धावला. एझिओला धावताना मी वीस वर्षांनी पाहिलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सुपरमार्केट कंपनीने चौकशी संपेपर्यंत करार थांबवलाय. रोवेनाबाईंनी त्यांच्याकडूनही कागद मागितलेत. अर्ध्या तासाच्या स्लॉटबद्दल त्यांनाही उत्तर द्यावं लागणार. फळ जवळच्या बाजारात जातंय, भाव कमी. एझिओ ओरडत नाही, हे मला जास्त जड जातंय. पुढच्या महिन्याच्या वेळापत्रकात मी येण्याची वेळ बारा लिहिली. मिरेलाने ते वाचून फाइलला लावलं.

बेव्हनचा फोन नाही. जबाबाची नक्कल त्याच्या वकिलाकडे गेली असणार. सातव्या पानावर काय आहे ते तो वाचेल. मी काय केलं ते त्याला एका अनोळखी माणसाकडून कळेल, आणि ते मी हॉस्पिटलमध्ये त्याच्या तोंडावर सांगू शकले नाही. मला भीती वाटते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी फोन आला. मी आर्टिचोकची काटेरी फुलं भाजीसाठी साफ करत होते, हात काळे. नेमका तेव्हाच.

"सातवं पान वाचलं," बेव्हन म्हणाला.

"हं."

"खरं आहे?"

"सही केलीय."

मला वाटलं, आता फोन ठेवणार. कुणीही ठेवला असता. मग तो म्हणाला, "शेवटचा पट्टा कुणी आवळला होता त्या दिवशी?"

"तूच."

"मग? माल तयार आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तुझा प्रिंटर तर दोनच्या आधीच खडखडत होता, मला ऐकू येत होता. मी येऊन बसलो आणि कागद कुठे आहेत असं एकदाही विचारलं नाही. दोन तास. चाळीस वर्षांत मी कधी कुणाला पाच मिनिटं दिली नाहीत, नेव्हिया."

मी खुर्ची ओढून बसले.

"उद्या रोवेना येतेय," तो म्हणाला. "जबाब बदलून देणार आहे. ते दोन तास तुझ्या एकटीच्या नावावर राहणार नाहीत."

"लायसन्स?"

"जाईल. वर्षभर तरी. मग बघू."

"मग इकडे कसा येशील?"

"बस नाही का येत तुमच्याकडे?"

"येते. बुधवारी आणि शनिवारी."

"कुबड्या घेऊन चढू देतात का बघतो. बुधवारी येईन," तो म्हणाला. "पण आधीच सांगून ठेवतो, आल्या आल्या मी झोपणार."

"झोप," मी म्हटलं. "मी उठवणार नाही."